बिनधन्याचा कामगार

कामगार आजारी पडला असतां त्याच्या औषधपाण्याची तरतूद विम्याच्या रूपानें करावी, ही कल्पना आपल्या देशांत कायद्याच्या पोटांत शिरली ती १९४८ सालच्या कामगार राज्य विमा कायद्यानें. त्यासाठीं मालकानें कांहीं भरावें, कामगारानें कांहीं भरावें, अशी योजना होती. अर्थात् ज्याचें नांव कारखान्याच्या हजेरीपटावर आहे, त्यालाच तिचा उपयोग.

मुंबईच्या बाजारांतील हमालाचें नांव कोणत्याच हजेरीपटावर नव्हतें. सातारा-सांगलीकडून आलेले हे गडी टोळी करून राहत. सकाळीं एका पेढीचीं पोतीं उतरावीं, दुपारीं दुसरीच्या गोदामांत थप्पी लावावी, असा त्यांचा क्रम. आपल्या घरच्या तांदुळाचें पोतेंही त्यांच्याच पाठीवरून आलेलें असे! पाठ मोडली कीं व्यापारी म्हणे, "मीं टोळीला मजुरी दिली, हा माझा नोकर नव्हे." मुकादमही तेंच म्हणे. मजुरी व्यापाऱ्याच्या कीर्दींत चढे. माणूस कोठेंच चढत नसे.

अण्णासाहेब पाटील यांनीं या हमालांची संघटना बांधली, आणि १९६९ सालीं महाराष्ट्रांत माथाडी कायदा झाला. त्याची खुबी अशी कीं, धनी कोण या वादांत तो पडलाच नाहीं. धन्याच्या जागीं त्यानें मंडळच बसविलें. मंडळावर सरकार, मालक व कामगार या तिघांचे प्रतिनिधि. व्यापाऱ्यानें नोंदणी करावी, टोळीनेंही करावी. व्यापाऱ्यानें मजुरी आणि तिच्यावर ठराविक टक्के लेव्ही मंडळांत भरावी. मंडळानें मजुरी वांटून लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधि, ग्रॅच्युइटी, रजेचा पगार व दवापाणी चालवावें. अनेक धन्यांचा चाकर अशा रीतीनें एका वहीवर आला. गोदी कामगारांसाठीं या धर्तीचा केंद्राचा कायदा १९४८ सालींच झाला होता. पण गोदीच्या भिंतीबाहेर तेंच पोतें उचलणाऱ्याला तो लागू नव्हता. हें अंतर ओलांडण्यास एकवीस वर्षें लागलीं, हें आमच्या मतें भूषणावह नाहीं.

पुढें २००८ सालीं महाराष्ट्रांत घरकामगारांसाठींही कल्याण मंडळाचा कायदा झाला. सकाळपासून चार-पांच घरचीं धुणीं-भांडीं करणाऱ्या बाईचे धनीही अनेकच. परंतु त्या घरांकडून पगारासोबत लेव्ही भरून घेण्याची माथाडी कायद्यासारखी तरतूद या कायद्यांत आली नाहीं.