नाव एकच, ताकद वेगळी

एनव्हिडियाच्या लॅपटॉपमधल्या ग्राफिक्स कार्डांच्या नावापुढे पूर्वी ‘एम’ असे. २०१४ च्या जीटीएक्स ९८०एममध्ये १,५३६ कोअर होते, डेस्कटॉपच्या ९८० मध्ये २,०४८. फरक नावातच कळत होता. २०१६ मध्ये हे अक्षर गेले. त्या वर्षी ते रास्तही होते, कारण लॅपटॉपच्या १०८० मध्ये डेस्कटॉपइतकेच २,५६० कोअर होते. पुढे दरी पुन्हा रुंदावली, नाव मात्र जवळजवळ तेच राहिले. डेस्कटॉपच्या आरटीएक्स ४०९० मध्ये १६,३८४ कोअर आणि ४५० वॅटची मुभा. लॅपटॉपच्या ४०९० मध्ये ९,७२८ कोअर आणि फार तर १७५ वॅट. हा ग्राहकावर अन्यायच आहे, असे माझे ठाम मत आहे.

परभणीत हा हिशेब आणखी कडक होतो. मे महिन्यात पारा चाळिशीपार जातो. लॅपटॉपच्या चपट्या पेटीतले छोटे पंखे तीच तापलेली हवा ओढतात, चिप तापते आणि स्वतःचा वेग उतरवते. कोणी म्हणेल, भारनियमनाचे दिवस पाहिलेल्या मराठवाड्यात बॅटरी हाच मोठा आधार. लिखापढीसाठी ते खरेच. पण बॅटरीवर हेच कार्ड आपली वीज बरीच कमी करते, म्हणजे नेमक्या जड कामाला ताकद उरत नाही. दर वॅटमागे लॅपटॉप जास्त काम देतो, हा आक्षेप मात्र मान्य करावा लागतो: वसतिगृहात राहून कृषी विद्यापीठात शिकणाऱ्याला तोच सोयीचा. त्याने नावाऐवजी कार्डाचे वॅट विचारावेत. एकाच नावाच्या दोन लॅपटॉपांतही ते वेगळे असतात.