खानदेशचा हरवलेला पिंगळा

जळगावकडच्या आमच्या जुन्या घरी गोठ्याच्या माळ्यावर गव्हाणी घुबडाचे एक जोडपे राहत असे. आजी एरवी त्याचे नावही घेऊ देत नसे. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी मात्र तेच घुबड लक्ष्मीचे वाहन ठरे! माळ्याखाली करड्या, केसाळ गोळ्या पडलेल्या असत. एकदा काडीने एक फोडली, तो आत उंदराची कवटी, दातांसकट!

फराळाच्या ताटाशी हा विषय कितपत रुचेल न कळे. पण तो आहे मोठा नवलाचा. घुबड भक्ष्य चावत नाही. लहानसे असले तर सबंध गिळते. पुष्कळ पक्ष्यांना गळ्याशी अन्न साठवायची पिशवी असते, ती घुबडाला नाही. घास थेट जठरात उतरतो. तेथील पाचक रस मांस विरघळवतात, परंतु ससाण्याच्या रसांइतके ते जहाल नसल्याने हाडे शाबूत राहतात. मग हाडे, केस, किड्यांची कवचे यांची आतल्या आत गोळी वळली जाते आणि काही तासांनी घुबड ती ओकून टाकते. तोवर वाट अडलेली. दुसरा घास गिळायची सोय नाही. जे खाल्ले त्याची अशी खरीखुरी नोंद माणसेसुद्धा ठेवीत नाहीत.

माणसांच्या नोंदींची एक कथा आपल्या खानदेशातच घडली आहे. १८७३ साली ह्यूमने वनपिंगळ्याचे पहिले वर्णन केले. ब्लूइट यांना तो छत्तीसगडच्या रानात मिळाला होता, म्हणून नावही त्यांचेच दिले. पुढे १८८० नंतरच्या काही वर्षांत खानदेशात अधिकारी असलेल्या जेम्स डेव्हिडसनने शहादे-तळोद्याकडे हे पक्षी टिपले. साऱ्या जगात मिळून नमुने अवघे सात. त्यांतला शेवटचा आपण १९१४ साली गुजरातेत मांडवीला मिळवला, असे कर्नल माइनरट्झहागेन सांगत असे. त्या शब्दावर विसंबून शोधणारे भलत्याच रानात हिंडले आणि हाती काही आले नाही.

खरे काय ते पामेला रासमुसेन या अमेरिकन विदुषीने हुडकले. कर्नलाचा पक्षी डेव्हिडसनचाच होता. संग्रहालयातून चोरून, आतला भरणा बदलून, खोटी चिठ्ठी बांधलेला! भरणा बदलला तरी कातड्यावर पहिल्या हातांची कारागिरी राहतेच.

मांडवीचा नाद सोडून रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट खऱ्या नोंदींच्या जागा धुंडाळीत निघाले. आधी पूर्वेकडची राने पालथी घातली, तेथे निराशाच झाली. मग ते खानदेशात आले. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी सकाळी, शहाद्याजवळ, एका उघड्या झाडावर वनपिंगळा उन्हात बसलेला दिसला. हा पिंगळा दिवसाढवळ्या वावरणारा, एवढे मात्र त्याच्या शोधकांचे नशीब!

पुढे फराह इश्तियाक आणि असद रहमानी यांनी तोरणमाळच्या रानात त्याचे राहणे-खाणे न्याहाळले. सरडे, सापसुरळ्या, उंदीर, किडे, क्वचित एखादे पाखरू, असा त्याचा आहार. शहादे तेव्हा धुळे जिल्ह्यात होते. १ जुलै १९९८ ला नंदुरबार वेगळा झाला आणि पिंगळाही तिकडे गेला. जळगावकरांनी हळहळू नये. यावलच्या अभयारण्यातही तो नंतर सापडला आहे.