एकमेकांचे पहिले वाचक

मंडळाच्या वर्धापनदिनाची स्मरणिका निघणार, तुम्हीही दोन शब्द लिहा, असे अध्यक्षबाई म्हणाल्या तेव्हा मी प्रथम नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. परंतु गेली चार वर्षे शेजारच्या वहिनी आणि मी दर एकादशीला एकमेकींना एकेक लहानशी गोष्ट लिहून दाखवतो, हे किन्हवलीत आता पुष्कळांना ठाऊक झाले आहे. "हा काय नसता उद्योग?" असे काहीजणी विचारतात. त्यांना उत्तर म्हणून एक जुनी हकीकत सांगते.

काशीबाई कानिटकर या मराठीतल्या आरंभीच्या लेखिकांपैकी एक. त्यांचा जन्म १८६१ साली सांगलीकडील आष्टे गावी झाला. नवव्या वर्षी लग्न झाले, तेव्हा त्यांना अक्षरओळखही नव्हती. यजमान गोविंदराव शिकलेले, स्वतः कविता करणारे. आपल्या पत्नीला लिहितावाचता यावे अशी त्यांची इच्छा. पण सासरच्या थोरांना ते रुचणारे नव्हते. तेव्हा काशीबाई लपूनछपून, घरकाम सांभाळून वाचायला शिकल्या. शाळेची पायरीही न चढलेल्या या बाईने पुढे डॉ. आनंदीबाई जोशी यांचे चरित्र लिहिले, कथा लिहिल्या, 'रंगराव' आणि 'पालखीचा गोंडा' या कादंबऱ्या लिहिल्या.

हे एकटीने झाले नाही. कानिटकरांच्या घरी हरि नारायण आपटे यांचे जाणेयेणे होते. हरिभाऊ काशीबाईंहून तीन वर्षांनी लहान, १८६४ सालचे. काशीबाईंनी लिहिलेले हरिभाऊंनी वाचायचे, हरिभाऊंचे काशीबाईंनी वाचायचे आणि काय साधले, काय फसले ते सांगायचे, असा त्यांचा परिपाठ पडला. समोरासमोर भेट होत नसे तेव्हा पत्रे जात. त्या काळी बाईने परक्या पुरुषापुढे यायचीही चोरी होती, हे ध्यानात घेतले म्हणजे या स्नेहाचे मोल कळते. गोविंदरावांचीही यात साथ होती, हे विसरून चालणार नाही.

आता कोणी म्हणेल, हरिभाऊ केवढे मोठे लेखक, त्यांना काशीबाईंकडून काय मिळणार? पण पाहा, १८९० साली हरिभाऊंनी 'करमणूक' हे साप्ताहिक काढले. त्यात ते कादंबऱ्या आणि स्फुट गोष्टी लिहीत. मराठी लघुकथेला वळण लागले ते या स्फुट गोष्टींपासून, असे जाणकार मानतात. त्याच 'करमणुकी'त 'पण लक्षांत कोण घेतो?' ही कादंबरी आली. ती यमुनेने स्वतःच्या तोंडाने सांगितलेली कहाणी आहे. माजघरातले ते दुःख पुरुषाच्या लेखणीतून उतरले खरे, पण माजघरात राहणारी एक बाई आपले लिहिलेले वाचणार आहे, याचा धाक आणि आधार त्या लेखणीला असला पाहिजे, असे मला वाटते.

हरिभाऊ १९१९ साली वारले. काशीबाईंचा 'चांदण्यातील गप्पा' हा कथासंग्रह १९२१ साली निघाला, तेव्हा तो पाहायला पहिला वाचक उरला नव्हता. तरीही त्यांनी लेखणी खाली ठेवली नाही. 'पालखीचा गोंडा' तर १९२८ सालची. १९४८ साली त्यांचे निधन झाले.

भगिनींनो, आम्हा दोघींची त्यांच्याशी बरोबरी नाही. पण एक अनुभव सांगते. मी एका सुनेची गोष्ट लिहिली होती. त्यात सासू दुष्ट, सून अगदी गाईसारखी गरीब. वहिनींनी वही मिटली आणि म्हणाल्या, "सून खरी वाटत नाही. ती कधी चुकतच नाही. सासू झाल्यावर तुम्ही हीच गोष्ट लिहाल का?" मला राग आला. पुढच्या दोन एकादशांना मी वही नेलीच नाही. तिसऱ्या वेळी नेली, ती नव्याने लिहून. त्यात सुनेचेही एकदा चुकत होते. लिहिताना माझ्या कैलासवासी सासूबाईंची आठवण होऊन डोळे भरून आले. त्यांच्याविषयी माझ्या मनात जी अढी होती ती त्या रात्री सुटली. वहिनींनी गोड शब्द बोलून वही परत दिली असती तर ती तशीच राहिली असती.

म्हणून म्हणते, लिहिणाऱ्या बाईला फार काही लागत नाही. एक वही लागते, आणि खरे बोलणारी एक मैत्रीण लागते. भातलावणीत आपण जोडीने वाकतो, पापड जोडीने लाटतो, मग हेच का एकटीने करावे? आपल्या मंडळात ज्यांच्या वह्या तांदळाच्या डब्यामागे ठेवलेल्या आहेत, त्यांनी त्या बाहेर काढाव्यात. येत्या एकादशीला आमची ओटी झाडून ठेवते. यावे.