हुथ म्हणजे चार की सहा?

एट्रुस्कन भाषा वाचता येते, पण कळत नाही. रोमच्या उत्तरेला राहणाऱ्या या लोकांनी लिपी ग्रीकांकडून घेतली, त्यामुळे त्यांचे लेख आपण घडाघडा वाचतो आणि अर्थापाशी अडतो. लॅटिनच्या रेट्यात ही भाषा गेली. संस्कृत-ग्रीक-लॅटिनच्या कुळाशीही तिचं नातं जुळत नाही. तिच्या अभ्यासात नव्याने येणाऱ्याने संख्यांच्या वाटेने यावं, असं मला वाटतं. इथे पुरावा थोडा आहे, पण तो पारखायला मोठी पूर्वतयारी लागत नाही.

पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात दोन फासे आहेत. त्यांवर ठिपक्यांऐवजी शब्द कोरले आहेत: थु, झल, कि, हुथ, मख, शा. एक ते सहा आयते हाती आले, फक्त कुठला कोणता ते फासा सांगत नाही. १९६४ साली इटलीतल्या पिर्गीला सोन्याचे पत्रे सापडले. त्यांतला मजकूर एट्रुस्कन आणि फिनिशियन अशा दोन्ही भाषांत असल्याने ‘कि’ म्हणजे तीन हे पक्कं झालं. थु एक, झल दोन, मख पाच, यांवरही आता फारशी खळखळ नाही. भांडण आहे ते हुथ आणि शाचं.

फाशाच्या समोरासमोरच्या बाजूंची बेरीज सात धरली, तर थुसमोरचा हुथ सहा ठरतो. पण ग्रीसमधल्या अॅटिकातल्या चार गावांच्या समूहाला पूर्वी ह्युट्टेनिया म्हणत, अशी एक प्राचीन नोंद आहे आणि तिच्या आधारावर हुथला चार मानणारे अभ्यासक आजही आहेत. शिवाय सातची बेरीज ही रीतच उशिराची. जुन्या फाशांवर एकासमोर दोन, तीनासमोर चार असत. माझा कल सहाकडे आहे. हा वाद नुसता पंडिती नाही. थडग्यांवर मृताचं वय लिहिलेलं असतं. एका ठिकाणी ते ‘मख’ आणि ‘शेआल्ख’, म्हणजे पाच आणि शा दशकं, असं आहे. शा चार असेल तर माणूस पंचेचाळिसाव्या वर्षी गेला, सहा असेल तर पासष्टाव्या!

झाथ्रुम म्हणजे वीस. त्यातून एक, दोन, तीन वजा करून ते एकोणीस, अठरा आणि सतरा म्हणत: थुनेम झाथ्रुम, एस्लेम झाथ्रुम, किएम झाथ्रुम. आपण एकोणीस-एकोणतीस म्हणताना एकच उणा करतो, आणि नव्याण्णवला तेवढंही करत नाही. लॅटिननेही अठरा-एकोणीस विसातून वजा करूनच सांगितले. ती लकब एट्रुस्कनांकडून आली असावी, असा काहींचा तर्क आहे. ही वजाबाकी सापडते कुठे, तर झाग्रेबच्या संग्रहालयातल्या एका इजिप्शियन ममीवर! तिला गुंडाळायला कुणीतरी लिननच्या कापडावरचं एट्रुस्कन पुस्तक फाडून पट्ट्या केल्या. पुस्तक धार्मिक विधींच्या पंचांगाचं होतं, म्हणून त्यात तारखा आल्या.

सुरुवात मात्र ममीपासून करू नये. थडग्यांवरचे लेख आधी घ्यावेत. ते छोटे असतात: नाव, आईबापांची नावं, कधी हुद्दा, मग वय. ‘अविल्स’ हा वर्षांचा शब्द दिसला की संख्या जवळपासच असते. असे काही लेख नजरेखालून गेले की सेम्फ, केझ्प आणि नुर्फ यांच्याकडे वळावं. सात, आठ, नऊ यांतलं कोण कोणतं, यावर पुढच्या प्रकरणात दोन मतं शेजारी-शेजारी छापली आहेत.