शिशाचा शिपाई आणि प्लास्टिकचा शिपाई

लंडनच्या विल्यम ब्रिटन यांच्या कारखान्याने १८९३ मध्ये शिशाचे पोकळ शिपाई बाजारात आणले. तोवर खेळण्यांतल्या फौजा मुख्यत्वे जर्मनीतून येत; त्या एक तर न्यूरेंबर्गच्या कथलाच्या चपट्या, नाहीतर भरीव आणि महाग. ब्रिटन यांची युक्ती साधी होती. वितळलेला मिश्रधातू साच्यात ओतायचा आणि साच्याला टेकलेला थर थिजताच आतला रस बाहेर काढून टाकायचा. धातू कमी लागला, किंमत उतरली.

हा ५४ मिलिमीटरचा शिपाई कारखान्यातून रंगूनच येई. घेणाऱ्याने त्याला रांगेत उभे करायचे, एवढेच.

१९५९ मध्ये एअरफिक्स कंपनीने प्लास्टिकचे चिमुकले शिपाई विकायला काढले तेव्हा हे चित्र पालटले. एका खोक्यात चाळीसहून अधिक शिपाई, उंची जेमतेम इंचभर, सगळे एकाच रंगाचे. खाऊच्या पैशांत पलटण उभी राहू लागली; पण ती रंगवायची कोणी? ज्याने विकत घेतली त्यानेच. मग वॉटर्लूच्या इंग्रज पायदळात कोणत्या पलटणीच्या कॉलरचा आणि बाह्यांच्या टोकांचा रंग पिवळा, कोणत्या पलटणीचा हिरवा, हे शोधणे आले. कितीतरी मुलांचा इतिहासाच्या ग्रंथांशी पहिला खरा संबंध या कुतूहलातून जडला असावा.

अडचण मात्र प्लास्टिकमध्येच होती. हे शिपाई मऊ पॉलिथिनचे. दिवाळीच्या किल्ल्यावरचा मातीचा मावळा रंग पिऊन घेतो; पॉलिथिन रंगाला धरतच नाही. संगीन जरा वाकली की रंगाचा पापुद्रा सुटतो. म्हणून आधी साबणाच्या पाण्याने साच्याचा तेलकटपणा धुवावा लागतो, आणि रंगाच्या खाली-वर पांढऱ्या गोंदाचा लवचीक हात द्यावा लागतो. आजच्या कठीण पॉलिस्टायरीनच्या शिपायांना एवढे सोपस्कार लागत नाहीत. धातूच्या शिपायाची शिवण कानशीने घासून अस्तर दिले, की रंग वर्षानुवर्षे टिकतो.

धातूच श्रेष्ठ, असा निर्वाळा जुने संग्राहक देतात तो यामुळेच. तो पुरता खरा नाही.

शिसे विषारी; मुलांच्या हाती ते नको, या जाणिवेने १९६६ च्या सुमारास ब्रिटन कंपनीने शिशाचे शिपाई घडवणे थांबवले. मागे राहिलेले शिपाई लोकांनी प्रेमाने ओकच्या देखण्या कपाटांत ठेवले, आणि तिथेच ते नासू लागले. ओकच्या लाकडातून ॲसिटिक आम्लाची, म्हणजे व्हिनेगरमधल्याच आम्लाची, वाफ सतत झिरपते. बंद कपाटात ती शिशाला खाते आणि रंगाखाली पांढरी भुकटी साचते. युरोपातील चित्रकारांचा सफेदा शतकानुशतके याच रीतीने तयार होई: शिशाचे पत्रे व्हिनेगरच्या वाफेवर ठेवून. ओकच्या कपाटातला शिपाई हळूहळू रंगाचीच भुकटी होत असतो.