दाबाला स्वतःचे समीकरण नसते

माढा तालुक्यातील उजनी धरण पूर्ण झाले १९८० साली. त्याच वर्षी सुहास पाटणकर यांचे दोनशेहून कमी पानांचे एक इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झाले. बोगदा, नळ किंवा टर्बाइनच्या दोन पात्यांमधली वाट यांतून वाहणाऱ्या प्रवाहाचा वेग आणि दाब संगणकाने कसा काढावा, हे त्या पुस्तकाने जगभरच्या अभियंत्यांना शिकवले.

समीकरणे जुनीच होती. लिओनार्ड ऑयलर यांनी १७५७ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात श्यानता, म्हणजे द्रवाचा अंगचा चिकटपणा, बाजूला ठेवून प्रवाहाचे नियम मांडले. एकोणिसाव्या शतकात नाविए आणि स्टोक्स यांनी ती श्यानता हिशेबात घेतली. अडचण मात्र दोन्हीकडे एकच उरली. वेगाच्या तीन घटकांना तीन समीकरणे आहेत. चौथे म्हणते, जितके पाणी आत येईल तितकेच बाहेर जाईल. त्यात दाबाचे नावही नाही! प्रवाहात भोवरे नसतील तर बर्नुलींचा नियम दाब सांगतो. भोवरे घेऊन वळणात शिरलेल्या प्रवाहाला तो एकटा पुरत नाही.

पाटणकर पुण्याचे. तेथील अभियांत्रिकी महाविद्यालय, मग मुंबईची आयआयटी आणि पुढे लंडनचे इंपीरियल कॉलेज असा त्यांचा प्रवास. तेथे ब्रायन स्पाल्डिंग यांच्यासह त्यांनी १९७२ साली जी रीत मांडली, ती ‘सिंपल’ या नावाने ओळखली जाते.

दाब आधी अंदाजाने धरायचा, त्यावरून वेग काढायचा आणि प्रत्येक चौकटीचा जमाखर्च तपासायचा. आवक जावकीपेक्षा जास्त भरली तर तेथला दाब वाढवायचा आणि पुन्हा आरंभ करायचा. दुरुस्तीच्या सूत्रातून शेजारच्या चौकटींचा परिणाम चक्क गाळलेला आहे. ही लबाडी वाटते, पण नाही. जमाखर्च जुळला की दुरुस्ती शून्य होते, त्यामुळे गाळलेल्या भागाचा अंतिम उत्तराशी संबंधच राहत नाही. त्याची किंमत वाटेत मोजावी लागते: दुरुस्ती अवास्तव मोठी येते, म्हणून तिचा काही अंशच स्वीकारावा लागतो.

श्यानता शून्य धरूनही हीच रीत चालते. मात्र तेव्हा एक जुना शत्रू अधिक उघडा पडतो. प्रवाह चौकटींना तिरपा वाहत असेल, तर वेगाचे मूल्य वरच्या अंगाच्या चौकटीतून उचलण्याची सोपी पद्धत हिशेबात खोटी श्यानता मिसळते. ऑयलरांनी वगळलेला चिकटपणा अशा रीतीने मागच्या दाराने परत येतो. पाटणकरांनी १९८०च्या पुस्तकात या खोट्या प्रसरणाची स्वतंत्र चर्चा केली आहे. चौकटी बारीक करणे, शक्य तेथे त्या प्रवाहाच्या दिशेने आखणे, हे त्यावरचे उपाय.