साक्षीदार नसलेली पुरवणी

केलेले मृत्युपत्र रद्द न करता त्यात बदल करायचा झाला, तर त्याला स्वतंत्र पुरवणी जोडतात. इंग्रजी कायद्यात तिला ‘कोडिसिल’ म्हणतात. हा शब्द लॅटिन ‘कोडेक्स’चे लघुरूप आहे. कोडेक्स म्हणजे मुळात झाडाचा ओंडका, पुढे लिहिण्याच्या लाकडी पाट्यांची जुडी आणि अखेरीस ग्रंथ. त्या हिशेबाने कोडिसिल म्हणजे लहानशी पाटी.

या पाटीची जन्मकथा जस्टिनियनच्या ‘इन्स्टिट्यूट्स’मध्ये सांगितली आहे. ऑगस्टसच्या काळात ल्युसिअस लेंटुलस हा गृहस्थ आफ्रिकेत मरण पावला. त्याने मागे ठेवलेल्या लेखात सम्राटाला काही गोष्टी करण्याची विनंती होती. ऑगस्टसने ती मानली. लेंटुलसच्या मुलीनेही कायद्याने देणे नसलेल्या रकमा दिल्या. मग सम्राटाने विधिज्ञांना विचारले, की अशा लेखाला मान्यता द्यावी काय? ट्रेबेशिअसचे मत पडले, की द्यावी. पूर्वी माणसे लांबच्या प्रवासाला जात, तेथे विधिपूर्वक मृत्युपत्र करणे जमत नसे; निदान एवढी सोय असावी. पुढे लेबिओसारख्या मोठ्या विधिज्ञाने स्वतःच अशी पुरवणी केली, तेव्हा शंकेला जागा उरली नाही. म्हणजे औपचारिकता पाळणे ज्याला शक्य नाही, त्याच्यासाठी काढलेली ही पळवाट होती. तिलाच पुढे औपचारिकतेच्या साखळ्या पडल्या. जस्टिनियनच्याच काळी तिला पाच साक्षीदार लागू लागले. इंग्लंडच्या १८३७च्या कायद्याने तर मृत्युपत्राच्या व्याख्येतच पुरवणीचा समावेश केला आणि दोघांनाही एकच नियम लावला: एकाच वेळी हजर असलेल्या दोन साक्षीदारांसमोर सही.

या नियमाची सर्वांत गाजलेली शिकार म्हणजे सर ह्यू लेन यांची पुरवणी. येट्सच्या वाचकांना लेन हे नाव नवे नाही. लेडी ग्रेगरींचे हे भाचे चित्रांचे व्यापारी आणि विलक्षण नजरेचे संग्राहक होते. १९०८ साली त्यांनी डब्लिनमध्ये आधुनिक कलेचे नगर-संग्रहालय उभे केले. त्यांच्याकडच्या ३९ युरोपीय चित्रांत मानेचे ‘त्विलरी बागेतील संगीत’ आणि रेनॉरचे ‘छत्र्या’ ही चित्रे होती. ती सारी ते डब्लिनला देणार होते. अट एवढीच, की नगरपालिकेने त्यांच्यासाठी कायमची इमारत बांधावी. लिफी नदीवर पुलासारखी इमारत उभारण्याचा आराखडा लट्येन्सने केला. हेच ते नवी दिल्लीचे लट्येन्स. खर्च, जागा आणि वास्तुकाराचे इंग्रजपण यांवरून वाद पेटला आणि १९१३ साली नगरपालिकेने योजना फेटाळली. येट्सच्या त्या वर्षीच्या संतप्त कवितांमागे हे प्रकरण आहे.

लेन यांनी चित्रे लंडनच्या नॅशनल गॅलरीला उसनी दिली आणि ११ ऑक्टोबर १९१३ रोजी मृत्युपत्र करून ती तिच्याच नावे केली. रागाच्या भरात केलेले असले तरी ते कायदेशीर होते. पुढे लंडनच्या विश्वस्तांनी ३९पैकी १५च चित्रे मांडण्याजोगी ठरवली. १९१४ साली लेन आयर्लंडच्या राष्ट्रीय कलासंग्रहालयाचे संचालक झाले. मन पुन्हा डब्लिनकडे वळले. ३ फेब्रुवारी १९१५ रोजी त्यांनी स्वतःच्या हाताने पुरवणी लिहिली: मृत्यूनंतर पाच वर्षांत योग्य इमारत मिळाल्यास चित्रे डब्लिनला द्यावीत, विश्वस्त लेडी ग्रेगरी. तारीख घातली, सही केली, कागद बहिणीच्या नावाच्या पाकिटात बंद केला आणि कार्यालयातल्या मेजात ठेवला. साक्षीदार मात्र घेतले नाहीत. ७ मे रोजी न्यूयॉर्कहून परतताना आयर्लंडच्या किनाऱ्याजवळ ‘लुसिटानिया’ जहाज पाणतीराने बुडाले. त्यात लेन गेले.

हाच कागद स्कॉटलंडमध्ये लिहिला असता, तर स्वहस्ते लिहून सही केलेला म्हणून ग्राह्य धरला गेला असता. रणभूमीवरच्या सैनिकाने लिहिला असता, तर इंग्लंडमध्येही चालला असता. आपल्याकडची गंमत तर आणखीच. १८७०चा हिंदू मृत्युपत्र कायदा मुंबई इलाख्यात केवळ मुंबई शहरापुरता होता. त्यामुळे १९१५ साली पुण्या-साताऱ्याच्या एखाद्या हिंदू गृहस्थाने तिथल्याच मालमत्तेबद्दल असा कागद केला असता, तर साक्षीदार नाहीत एवढ्यावरून तो बाद झाला नसता. दोन साक्षीदारांची अट मुंबईबाहेरच्या हिंदूंना लागू झाली ती १ जानेवारी १९२७पासूनच्या मृत्युपत्रांना. आज १९२५च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याचे ६३वे कलम पुरवणीलाही तितकेच लागू आहे. समासात खाडाखोड करून भागत नाही. तसा बदल मूळ मृत्युपत्राइतक्याच विधीने व्हावा लागतो. नोंदणी मात्र ऐच्छिक आहे, ही गोष्ट सुशिक्षितांनाही सहसा ठाऊक नसते.

लेडी ग्रेगरींनी उरलेले आयुष्य या कागदासाठी वेचले. भेटी, पत्रे, १९२१ साली लिहिलेले लेन यांचे चरित्र, सारे त्यासाठीच. येट्सने आयर्लंडच्या सेनेटमध्ये बाजू मांडली. अखेर ब्रिटिश सरकारने समिती नेमली. तिचा १९२६चा अहवाल आम्हांला या प्रकरणातला सर्वांत विचित्र दस्तऐवज वाटतो. पुरवणीवर सही करताना आपण कायदेशीर व्यवस्था करत आहोत अशीच लेन यांची समजूत होती, हे समितीने मान्य केले. तरीही ती वैध करणारा कायदा करू नये, असा सल्ला दिला. त्यावर आणखी एक तर्क जोडला: लंडनमध्ये टेट संग्रहालयाची आधुनिक विदेशी चित्रांसाठी झालेली नवी दालने पाहायला लेन जगले असते, तर त्यांनी ती पुरवणी स्वतःच नष्ट केली असती.

साहित्याच्या शिक्षकांनी हा तर्क दोनदा वाचावा. लेखकाचा हेतू संहितेबाहेर शोधू नये, असे आपण वर्गात सांगतो. संपादक मात्र हस्तलिखितातल्या शेवटच्या दुरुस्तीला मान देतो. समितीने या दोन्ही भूमिका एकदमच टाकल्या. समोरच्या कागदावरचा हेतू पुरावा असूनही बाजूला ठेवला, आणि कधीच न लिहिलेल्या संहितेतला हेतू खात्रीने वाचला. नियमाचा आग्रह आम्हांला समजतो. साक्षीदारांची अट वारसांच्या लबाडीपासून मृताचे रक्षण करते, आणि एका नामवंतासाठी ती वाकवली तर उद्या कोणत्या बनावट कागदाला अडवणार? पण येथे बनावटीचा संशय कोणीच घेतला नव्हता. केवळ नियमावर थांबले असते, तर तो निर्णय कठोर पण प्रामाणिक ठरला असता.

लेडी ग्रेगरी १९३२ साली गेल्या. डब्लिनचे संग्रहालय चार्लमाँट हाऊस या कायमच्या वास्तूत उघडले ते १९३३ साली. १९५६च्या एप्रिलमध्ये एका आयरिश विद्यार्थ्याने टेट संग्रहालयातून बर्त मोरिझोचे एक चित्र भरदिवसा उचलून नेले आणि विस्मरणात चाललेला प्रश्न वर्तमानपत्रांत आणला. चित्र काही दिवसांत परतले. १९५९ साली करार झाला, की चित्रांचे दोन गट करून ते दोन्ही शहरांनी पाळीपाळीने ठेवावेत. १९७९, १९९३ आणि २०२१ साली वाटपाच्या नव्या अटी ठरल्या, बहुतेक चित्रे डब्लिनकडे आली आणि रेनॉरच्या छत्र्या दोन राजधान्यांमध्ये येरझारा घालत राहिल्या. मालकी मात्र अजून १९१३च्या कागदाप्रमाणे लंडनचीच आहे.